कॉफीवाल्यांच्या मुलखात चहा: नव्याने आलेल्यांसाठी, पाण्यापासून सुरुवात

कॉफीवर जीव टाकणाऱ्या देशात, शहरात किंवा नुसत्या ऑफिसात येऊन पडलेल्या चहाबाजाला आठवडाभरात एक गोष्ट कळते. चहा मिळत नाही असं कुठेच नसतं. कॅफेच्या मेनूवर तो असतो, ऑफिसच्या कपाटात असतो, हॉटेलच्या खोलीतल्या ट्रेवरही असतो. फक्त तो पाणचट असतो. बहुतेक जण याचं खापर पत्तीवर फोडतात आणि घरून आपली नेहमीची पत्ती मागवतात. मग तीही तिथे तशीच पाणचट लागते, आणि माणूस हिरमुसतो.

माझं स्पष्ट मत आहे की यात पत्तीचा दोष सर्वांत कमी आणि पाण्याचा सर्वांत जास्त असतो. कॉफीला साधारण ९० ते ९६ अंश सेल्सिअसचं पाणी मानवतं. कॉफी नीट करणारा माणूस खळखळ उकळतं पाणी मुद्दाम टाळतो, आणि त्याच्या दृष्टीने ते बरोबरच आहे. काळ्या पत्तीला, म्हणजे आपल्या नेहमीच्या चहापत्तीला, मात्र उकळतंच पाणी लागतं. आता कॅफेतला चहा येतो कसा ते पाहा. जाड, थंड कपात मशिनच्या नळाचं पाणी भरलं जातं. थंड कप त्यातले काही अंश लगेच खातो. बशीत कोरडी पिशवी, शेजारी दुधाची इवलीशी कुपी. काऊंटरवरून टेबलावर येईपर्यंत आणखी उष्णता जाते, आणि मग आपण पिशवी पाण्यात सोडतो. ती आधी तरंगते, कडेने पिवळसर रेघ सुटते, पाच मिनिटांनीही रंग विटकरीपर्यंत पोचत नाही. यात कुणाचा खोडसाळपणा नाही. ती सगळी मांडामांड दुसऱ्या पेयासाठी केलेली आहे. चहाची सूत्रं आपल्या हातात घ्यायची, एवढंच करायचं असतं, आणि ते जमण्यासारखं आहे.

पहिली पायरी: आपला चहा नेमका कोणता, ते ओळखा

हे सोपं वाटतं, पण बरेच जण इथेच गडबडतात. चहा पिणाऱ्यांचे ढोबळ दोन गट आहेत. एक उकळणाऱ्यांचा: पाणी, पत्ती, दूध, साखर पातेल्यात एकत्र उकळून घेणारे. दुसरा मुरवणाऱ्यांचा: पत्तीवर उकळतं पाणी ओतून, झाकून, गाळून घेणारे. दोघांच्या गरजा वेगळ्या, म्हणून दोघांची तयारीही वेगळी.

उकळणाऱ्यांची पत्ती बहुधा सीटीसी असते. हे बारीक, गोळीदार दाणे करणारं यंत्र १९३० च्या दशकात आसाममध्ये आलं. दातेरी रुळांमधून पान चिरडून, फाडून, वळवून निघतं, त्यामुळे ते रंग आणि कडकपणा झटकन सोडतं. परक्या जागी हा गुण फार कामाचा आहे, कारण थोड्या कमी गरम पाण्यातही सीटीसी काही ना काही देते. अख्ख्या पानाचा चहा, म्हणजे ऑर्थोडॉक्स पद्धतीचा, सावकाश उलगडतो. त्याला जागा, वेळ आणि खरं उकळतं पाणी लागतं.

आता स्वतःला विचारा, तुम्हाला तलफ येते ती कशाची? कडकपणाची, दुधाच्या जाडपणाची, गोडीची, आल्यावेलचीच्या वासाची, की नुसतं काहीतरी गरम हातात धरण्याची? ज्याची तलफ असेल त्याची सोय आधी लावा. मला विचाराल तर कडकपणा साधला की बाकीच्या उणिवा पुष्कळ सुसह्य होतात. कडक कोऱ्या चहात साधं दूध घातलं तरी जीव शांत होतो. पाणचट चहात उत्तम दूध घातलं तरी तो पाणचटच राहतो.

दुसरी पायरी: पत्ती जवळ ठेवा आणि ती जपा

कपाला ४ ग्रॅम आणि दिवसाला दोन कप धरले तर पाव किलो पत्ती साधारण महिनाभर पुरते. यावरून आपला हिशेब करा. पहिल्या दोन-तीन महिन्यांची पत्ती सोबत असू द्या, तोवर नव्या जागी काय मिळतं याचा अंदाज येतो. मूळ सीलबंद पाकीट न्या. घरी कुटलेला मसाला किंवा सुटी पत्ती नाव नसलेल्या पिशवीत भरून नेली की सीमेवर प्रश्न विचारले जातात. दूधपावडर मिसळलेलं तयार मिश्रण नेताना जास्त जपा. युरोपीय संघात बाहेरच्या देशांतून वैयक्तिक सामानात दुग्धजन्य पदार्थ आणायला सर्वसाधारणपणे बंदी आहे. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमध्ये खाण्यापिण्याची वस्तू अर्जावर जाहीर करावी लागते. जाहीर केल्याने फार तर ती काढून घेतात, लपवल्याने दंड होतो. अमेरिकेकडे जाणाऱ्या विमानात ३५० मिलीलीटरपेक्षा जास्त भुकटी हातातल्या सामानात असली तर जादा तपासणी होऊ शकते, म्हणून मोठं पाकीट चेक-इनच्या बॅगेत टाका.

साठवणीबद्दल एक गोष्ट अगदी मनावर घ्या. चहापत्ती वास ओढून घेते, आणि कॉफीच्या घरात किंवा ऑफिसात सर्वांत जोरदार वास कॉफीचाच असतो. कॉफीच्या डब्याशेजारी पातळ पिशवीत ठेवलेली पत्ती थोड्याच दिवसांत वेगळी लागायला लागते. घट्ट झाकणाचा, अपारदर्शक पत्र्याचा डबा घ्या आणि तो वेगळ्या कप्प्यात ठेवा. फ्रीज टाळा. डबा आतबाहेर करताना पत्तीला दमटपणा लागतो.

स्थानिक दुकानातून पिशव्या घेणार असाल तर नावं वाचून घ्या. इंग्लिश ब्रेकफास्ट किंवा नुसतं आसाम लिहिलेलं असेल तर दूध पेलेल एवढा दम त्यात असतो. अर्ल ग्रेमध्ये बर्गमोट या लिंबूवर्गीय फळाचं तेल असतं. तो कोरा छान लागतो, दुधात उकळला की अनेकांना त्याचा वास साबणासारखा वाटतो. रूइबोस, कॅमोमाईल, पुदिना, जास्वंद यांच्या पिशव्याही त्याच रांगेत असतात. त्यात चहाचं पान मुळीच नसतं, कॅफीनही नसतं. रात्रीसाठी त्या चांगल्या, पण सकाळच्या डोकेदुखीवर त्यांचा उपयोग नाही.

तिसरी पायरी: पाणी

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या.

काळ्या पत्तीसाठी पाणी खळखळ उकळलेलं हवं आणि ते पत्तीवर पडावं. पाण्यात नंतर पत्ती सोडली तर तेवढ्या वेळात पाणी निवतं. कप किंवा किटली आधी गरम पाण्याने विसळून घ्या, ते पाणी फेकून द्या, पत्ती घाला, मगच आधणाचं पाणी ओता आणि लगेच झाका. झाकायला बशी चालते. चार ते पाच मिनिटं हात लावू नका. एवढ्याने, तीच पत्ती आणि तोच कप असूनही, चहा ओळखू येणार नाही इतका सुधारतो.

प्रमाणासाठी एक भक्कम आधार आहे. चहा चाखून तुलना करण्याची आयएसओ ३१०३ ही आंतरराष्ट्रीय प्रमाणित पद्धत १९८० मध्ये आली. तिच्यात १०० मिली उकळत्या पाण्याला २ ग्रॅम पत्ती आणि ६ मिनिटं असं माप आहे. ही पद्धत चव तपासणाऱ्यांसाठी आहे, रोजच्या पिण्यासाठी सहा मिनिटं अनेकांना जड जातील. पण २ ग्रॅमला १०० मिली हे माप लक्षात ठेवण्यासारखं आहे, कारण कॅफेतला मोठा मग ३०० ते ३५० मिलीचा असतो आणि एका पिशवीत साधारण २ ग्रॅमच पत्ती असते. म्हणजे तिथे चहा पाणचट होणं हे गणितातच लिहिलेलं आहे. लहान कप मागा, नाहीतर दोन पिशव्या घ्या.

पाणी पुरेसं गरम मिळणारच नसेल तर? तेव्हा पाण्याशी भांडण्याऐवजी पत्ती बदला. हिरव्या चहाला ७० ते ८० अंशांचं पाणी हवं असतं, उकळत्या पाण्याने तो उलट कडवट होतो. ऊलाँग हा हिरव्या आणि काळ्याच्या मधला चहा; त्यातल्या बऱ्याचशांना ८५ ते ९५ चालतं. म्हणजे ज्या मशिनचं कोमट-गरम पाणी काळ्या पत्तीची माती करतं, तेच पाणी हिरव्या पत्तीला अगदी योग्य पडतं. ऑफिसच्या खणात दोन डबे ठेवा: किटली हाताशी असेल तेव्हा काळी पत्ती, मशिनचाच नळ असेल तेव्हा हिरवी किंवा ऊलाँग. दूधवाल्यांना हे सुरुवातीला मानवत नाही, हे मला माहीत आहे. पण पाणचट दूधचहा रोज निमूटपणे पिण्यापेक्षा चांगला हिरवा चहा पिणं कधीही बरं.

उंचीचाही विचार करा. समुद्रसपाटीपासून दर ३०० मीटरला पाण्याचा उत्कलनबिंदू सुमारे एका अंशाने उतरतो. १५०० मीटरवर पाणी ९५ अंशांनाच उकळतं, ३००० मीटरवर ९० ला. विमानातही केबिनमधला दाब साधारण १८०० ते २४०० मीटर उंचीइतका ठेवलेला असतो, त्यामुळे तिथलं पाणी उकळलं तरी ९२ ते ९४ अंशांचंच असतं. अशा ठिकाणी मुरवण्याचा वेळ वाढवा किंवा पत्ती वाढवा. पातेल्यात चहा उकळणाऱ्यांना उंचीचा त्रास कमी होतो, कारण ते पत्तीला आचेवर हवा तेवढा वेळ देऊ शकतात.

राहिला पाण्याचा जडपणा. चहावर तेलकट दिसणारा, चमकणारा तवंग येत असेल आणि कपाच्या आत तपकिरी कडं चिकटत असेल तर ते जड पाण्याचं लक्षण आहे. पाण्यातलं कॅल्शियम आणि चहातली द्रव्यं यांचा तो संयोग असतो. त्याने अपाय काही नाही, पण चव बोथट होते आणि रंग मळतो. साधा पाणी गाळायचा फिल्टर-जग वापरला की फरक दिसतो. कोऱ्या चहात लिंबाचे दोन थेंब टाकले तरी तवंग जातो. किटलीत पांढरा थर साठला की पाण्यात सायट्रिक आम्ल किंवा व्हिनेगर घालून उकळा, थोडा वेळ ठेवा आणि दोनदा स्वच्छ विसळा.

चौथी पायरी: सामान

विजेची किटली हे एकच यंत्र विकत घ्या. पण ती राहत्या देशातच घ्या, सोबत नेऊ नका. युरोपात २३० व्होल्ट, अमेरिका आणि कॅनडात १२०, जपानमध्ये १०० व्होल्ट असतात. २३० व्होल्टसाठी बनवलेली १५०० वॅटची किटली १२० वर लावली तर तिची ताकद जेमतेम ४०० वॅट उरते. जे अर्धा लीटर पाणी एरवी दोन मिनिटांत उकळलं असतं, त्याला सात मिनिटं लागतात. उलट प्रकार धोक्याचा: १२० व्होल्टची किटली २३० वर लावली की ती जळते. पिन बदलणारा अडॅप्टर व्होल्टेज बदलत नाही, हे पक्कं ध्यानात ठेवा.

बाकी यादी लहान आहे. बारीक जाळीचं खोल गाळणं, जे मगात पूर्ण बुडेल आणि ज्यात पान फुलायला जागा असेल. साखळीला लोंबणारे जाळीदार गोळे मी कुणालाही सुचवत नाही. त्यांत पत्ती कोंडली जाते. अर्ध्या लीटरचा निर्वात थर्मास, फक्त चहासाठी. ज्यात कधी कॉफी ओतली गेली तो थर्मास घेऊ नका. कॉफीचं तेल झाकणाच्या रबरात शिरून बसतं आणि कितीही घासलं तरी वास देत राहतं. हॉटेलच्या खोलीतल्या कॉफीयंत्रातून नुसतं गरम पाणी काढतानाही हाच त्रास. पत्ती न घालता एकदा पूर्ण पाणी फिरवून ओतून द्या, दुसऱ्या खेपेचं पाणी वापरा.

फ्रेंच प्रेस, म्हणजे दांड्याने जाळी खाली दाबायचं कॉफीचं भांडं, मिळाला तर चहासाठी तो उत्तम आहे, अट एवढीच की तो नवा हवा. आणि दांडा दाबून चहा त्यातच ठेवू नका, पत्ती तळाशी मुरतच राहते. मुरला की सगळा ओतून घ्या.

पाचवी पायरी: दूध

दुधाने बिघडलेले कप बहुतेक वेळा थंडपणाने बिघडतात. ९० अंशांचा दीडशे मिली कोरा चहा घ्या आणि त्यात फ्रीजमधलं ५ अंशांचं पन्नास मिली दूध ओता: चहा ६९ अंशांवर येतो, आणि पहिल्या घोटालाच तो निवाल्यासारखा वाटतो. म्हणून दूध वाफ येईपर्यंत वेगळं गरम करा. कॅफेत तर हे अगदी सोपं आहे, कारण दूध वाफवण्यात तिथल्या माणसांचा हात बसलेला असतो. ‘दूध वाफवून, वेगळ्या भांड्यात’ एवढं म्हणा.

जात बघून दूध घ्या. साधं पाश्चराइज्ड, पूर्ण साईचं दूध चहाला सर्वांत जवळचं. लांब टिकणारं यूएचटी दूध काही सेकंदांसाठी १३५ अंशांच्या वर तापवलेलं असतं, त्यामुळे त्याला शिजल्याचा वास आणि किंचित गोडी येते. चहा कडक केला तर ते खपून जातं. कॉफीत घालायची दूधमलई मिश्रणं स्निग्धतेने जड असतात आणि चहाची चव झाकतात. ती चमचाभरच घाला. भुकटीरूप क्रीमरमध्ये मुख्यतः साखरेचं सत्त्व आणि वनस्पती तेल असतं, ते मी टाळतो. वनस्पतिजन्य दुधांत ओटचं दूध चहाशी सर्वांत चांगलं जमतं. सोयाचं दूध कधीकधी फाटतं, म्हणून चहा जरा निवू द्यावा आणि दूध कोमट करून मग मिसळावं.

आल्याचा चहा करणाऱ्यांसाठी एक सूचना. ताज्या आल्यात प्रथिनं तोडणारं एक विकर असतं आणि त्याने दूध फाटतं. आलं आधी पाण्यात चार-पाच मिनिटं चांगलं उकळा, मग दूध घाला. उकळीने ते विकर निकामी होतं.

सहावी पायरी: ऑफिसात कडक दूधचहा

गॅस नाही, पातेलं नाही, फक्त किटली आणि मायक्रोवेव्ह आहे असं धरू. पद्धत अशी: मगात ४ ग्रॅम सीटीसी किंवा दोन पिशव्या, त्यावर फक्त १२० मिली उकळतं पाणी. झाकून पाच मिनिटं. तोवर दुसऱ्या उंच मगात ८० मिली दूध मायक्रोवेव्हमध्ये गरम करा, पण वीस-वीस सेकंदांनी थांबून बघत राहा, कारण दूध कधी वर येईल याचा नेम नसतो. साखर घ्यायची असेल तर दुधातच विरघळवा. अर्क गाळा, दूध त्यावर ओता. पातेल्यातल्या चहाची बरोबरी होणार नाही. तिथे दूध आणि पत्ती एकत्र उकळून जी खमंग चव येते, ती इथे येत नाही. पण कडकपणा आणि उष्णता दोन्ही मिळतात, आणि सकाळी अकरा वाजता तेवढं पुष्कळ असतं.

नुसतं पाणी मायक्रोवेव्हमध्ये तापवताना मगात लाकडी काडी ठेवा. गुळगुळीत भांड्यातलं पाणी कधी कधी बुडबुडा न येता उत्कलनबिंदूच्या वर जातं आणि पिशवी टाकताच उसळून हात भाजतो.

उन्हाळ्यात आणखी सोपा उपाय आहे. लीटरभर थंड पाण्यात ८ ते १० ग्रॅम पत्ती घालून रात्रभर फ्रीजमध्ये ठेवा आणि सकाळी गाळा. कडवटपणा जवळजवळ उतरत नाही.

सातवी पायरी: कॅफेत काय आणि कसं मागायचं

मागणी थोडक्यात, हसऱ्या चेहऱ्याने आणि आधी करा. चहा समोर आल्यावर तक्रार करून कप सुधारत नाही. मी असं सांगतो: ‘काळा चहा, लहान कप, दोन पिशव्या. पिशव्या आधी कपात घाला, वरून जितकं गरम मिळेल तितकं पाणी. गरम दूध बाजूला.’ दुसऱ्या पिशवीचे पैसे मागितले तर बिनतक्रार द्या.

मेनूवर ‘चाय लाटे’ दिसला तर तो मसाल्याच्या सिरपपासून आहे, भुकटीपासून की पत्तीपासून, हे विचारा. सिरपचा असेल तर तो भरपूर गोड असणार. काहींना आवडतो, पण चहाची तलफ त्याने भागत नाही.

नवख्यांना पटकन पटत नाही असा एक सल्ला: चहासाठी साध्या कॅफेपेक्षा कॉफीचं फार वेड असलेलं कॅफे निवडा. जिथे दाणे कुठल्या मळ्यातले ते फळ्यावर लिहिलेलं असतं आणि काऊंटरवर बारीक चोचीची किटली आणि वजनकाटा असतो, अशी जागा. त्या किटलीवर बहुधा तापमान हव्या त्या अंशावर लावता येतं. ‘शंभरावर लावाल का?’ असं विचारा. तो माणूस ग्रॅम, सेकंद आणि अंश यांतच दिवस काढत असतो, तुमचं म्हणणं त्याला एका वाक्यात कळतं. आणि तुमची पत्ती बघून तो दहा प्रश्नही विचारतो. कॉफीच्या मुलखात चहावाल्याला सर्वांत चांगले मित्र इथे भेटतात.

आठवी पायरी: माणसं

‘कॉफीला येतोस का?’ या प्रश्नात पेय दुय्यम असतं. बोलावणं असतं ते दहा मिनिटं सोबत उभं राहण्याचं. नवखा माणूस ‘मी कॉफी पीत नाही’ म्हणून जागेवरच बसून राहतो, आणि दोन-तीनदा असं झालं की बोलावणं थांबतं. नंतर ते पुन्हा सुरू करायला वेळ लागतो. म्हणून उत्तर नेहमी ‘हो, येतो’ असंच द्या आणि हातात स्वतःचा मग घ्या.

कुणाच्या घरी जाताना दोन पिशव्या खिशात ठेवा आणि आधीच सांगून टाका, ‘मला फक्त उकळतं पाणी चालेल.’ यजमानाची धावपळ वाचते, तुमचा चहा नीट होतो. त्यांनी खास तुमच्यासाठी चहाचं पाकीट आणलं असेल तर मात्र स्वतःची पिशवी खिशातच राहू द्या आणि त्यांचा चहा आवडीने प्या. तुमच्यासाठी कुणी दुकानात जाऊन नाव वाचून काही आणलं, याची किंमत चवीपेक्षा मोठी आहे.

कॉफीला नावं ठेवू नका. जमल्यास ती चाखा. दुधाचा चहा पिणाऱ्यांना जास्त दुधाची लाटे बऱ्याचदा आवडते. आणि दुपारी चार वाजता स्वतःसाठी चहा करताना एक कप जास्तीचा करा, शेजारच्या टेबलावर विचारा. कडक, गरम, नीट मुरलेला चहा ज्यांनी कधी प्यायलाच नाही असे लोक तिथे खूप असतात. त्यांच्या मनातला चहा म्हणजे बशीतल्या पिशवीचं तेच पिवळं पाणी असतं.

नववी पायरी: कॅफीनचा हिशेब

चहा सोडून नाइलाजाने कॉफीवर आलात तर कप मोजा. सुमारे २४० मिलीच्या चहात साधारण ३० ते ५० मिलीग्रॅम कॅफीन असतं, तेवढ्याच गाळीव कॉफीत ९० ते १०० च्या घरात. दिवसाला पाच चहाची सवय असलेला माणूस त्याच हिशेबाने पाच कॉफी प्यायला तर छातीत धडधड आणि रात्री टक्क डोळे ठरलेलेच. युरोपीय अन्नसुरक्षा संस्थेने २०१५ मध्ये निरोगी प्रौढांसाठी दिवसाला ४०० मिलीग्रॅम आणि गरोदर स्त्रियांसाठी २०० मिलीग्रॅमपर्यंत कॅफीन सुरक्षित मानलं आहे. शरीरातून अर्धं कॅफीन जायला सरासरी पाच तास लागतात, म्हणून संध्याकाळची कॉफी झोपेपर्यंत पुरते.

उलटही होतं. नव्या जागी चांगला चहा मिळेना म्हणून तो एकदम बंद केला, तर बारा ते चोवीस तासांत डोकं धरतं. याला लोक हवाबदल किंवा प्रवासाचा शीण समजतात. प्रवासाच्या दिवशी दोन पिशव्या वरच्या खिशात ठेवा, बॅगेच्या तळाशी नको. आणि रक्तात लोह कमी असेल तर चहा जेवणाबरोबर न घेता तासाभराचं अंतर ठेवून घ्या. कॉफीलाही हाच नियम लागू आहे.